मुलुंड गेले की दाराकडे: विमानातील संकटात प्रवासी कसे वागतात

ठाण्याला उतरणारा माणूस मुलुंड सुटताच दाराकडे सरकू लागतो. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार, पुढे उभा असलेला ठाण्यालाच उतरणार की डोंबिवलीपर्यंत तसाच उभा राहणार, पाठीवरची सॅक पोटावर केव्हा घ्यायची, हे त्याला आठवून पाहावे लागत नाही; हजारदा केलेली गोष्ट असल्यामुळे शरीर ती आपसूक करते. हाच माणूस विमानात बसला की आपल्या रांगेपासून सर्वांत जवळचे दार पुढे आहे की मागे, हे त्याला बहुधा सांगता येत नाही. विमानात संकट आले असता प्रवासी कसे वागतात, हे समजून घ्यायचे असेल तर या दोन प्रवासांमधला हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

हा विषय आता आपल्या अगदी जवळ आला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि ठाणे, नेरूळ, पनवेल, उरण या भागांतील कितीतरी घरांतली पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसे तिकिटे काढू लागली आहेत. त्याच घरांमध्ये १२ जून २०२५ ची आठवणही ताजी आहे. अहमदाबादच्या त्या अपघातात विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला, आणि आपल्या ठाणे व रायगड जिल्ह्यांतील घरांनीही केबिन क्रूमध्ये काम करणाऱ्या मुली गमावल्या. वाचलेला प्रवासी ११ए या आसनावर बसला होता हे कळल्यावर ते आसन मागण्याची जणू लाट आली. ही भीती मी समजू शकते, परंतु तिच्यामागे एक गैरसमज आहे. विमान अपघात म्हणजे सगळे संपले, आता जे होईल ते नशिबाने, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० या काळातील तिथल्या विमान कंपन्यांचे अपघात तपासले, तेव्हा त्यांत सापडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक वाचल्याचे आढळले. यात किरकोळ अपघातही आहेत हे खरे, पण आग लागलेले आणि विमानाची मोठी मोडतोड झालेले गंभीर अपघात वेगळे काढले, तरी वाचलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिकच भरले. ज्या अपघातांतून वाचता येते, त्यांत प्रवाशाच्या वागण्याला मोल असते.

विमानात आग किंवा धूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किंकाळ्या आणि चेंगराचेंगरी उभी राहते. प्रत्यक्षात बऱ्याच अपघातांमध्ये तपास करणाऱ्यांना जास्त काळजी वाटली ती याच्या अगदी उलट वागण्याची, म्हणजे माणसे जागच्या जागी बसून राहण्याची. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील एका विमानातून काही प्रवासी बाहेर पडू शकले. त्यांच्यापैकी काहींनी नंतर सांगितले की, आजूबाजूची, वरकरणी फारशी दुखापत न झालेली माणसेही समोर पाहत आसनावर तशीच बसून होती.

याला धाडसाचा अभाव म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. संकटातील वर्तनाचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी अशी मांडणी केली आहे की, अचानक ओढवलेल्या संकटात साधारण १० ते १५ टक्के माणसे शांतपणे विचार करून हालचाल करतात, तितकीच माणसे आरडाओरड किंवा घातक ठरेल असे काहीतरी करतात, आणि उरलेली बहुसंख्य माणसे सुन्न होतात. सुन्न होण्याचे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. आधी केलेल्या कृतीचा साचा मेंदूत तयार असतो आणि तो क्षणात वापरता येतो. साचाच नसेल तर काय चालले आहे ते समजून घेणे, मार्ग शोधणे, त्यातला एक निवडणे आणि मग हात-पाय हलवणे, हे सारे नव्याने करावे लागते. शांत वेळीही त्याला काही सेकंद लागतात आणि भीतीने मेंदू भरून गेला असेल तर ते काम अर्ध्यावरच अडकते. बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस बसलेला दिसतो, आत त्याचा शोध चाललेला असतो.

त्यात भर पडते ती आपल्या सामाजिक सवयीची. धुराचा वास आला तर आपण प्रथम शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. तो आपल्याकडे पाहत असतो. आपण घाबरलो आहोत हे कोणालाच दाखवायचे नसते, त्यामुळे सगळेच एकमेकांच्या शांतपणावरून ‘काही विशेष नसावे’ असा निष्कर्ष काढतात आणि मोलाचे सेकंद निघून जातात.

ते सेकंद किती मोलाचे असतात, हे विमान बनवणाऱ्यांना घालून दिलेल्या एका अटीवरून कळते. ४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानासाठी कंपनीला हे सिद्ध करावे लागते की, सर्व आसने भरलेली असताना, अंधारात, निम्मीच दारे वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. मार्च २००६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एअरबस ए३८० या दुमजली विमानाची अशी चाचणी झाली, तेव्हा १६ पैकी ८ दारांतून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर आली. हा आकडा ऐकून आश्वस्त वाटते आणि वाटावेही. पण चाचणीत कशाचा समावेश नसतो तेही पाहिले पाहिजे. तान्ह्या मुलांच्या जागी काही जणांच्या हातात बाहुल्या दिलेल्या असतात. गुडघे दुखणारी, काठी घेऊन चालणारी आजी तिथे नसते. धूर नसतो. आणि कोणाच्याही डोक्यावरच्या कप्प्यात त्याचे स्वतःचे दागिने, पासपोर्ट किंवा लॅपटॉप नसतो.

येथे सामानाचा विषय येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले बोइंग ७७७ दुबईत उतरताना धावपट्टीवर आपटले आणि त्याला आग लागली. विमानात ३०० जण होते आणि प्रवाशांत बहुसंख्य भारतीय होते. आतमध्ये कोणीतरी काढलेल्या चित्रफितीत धूर पसरत असताना माणसे वरचे कप्पे उघडून बॅगा खाली घेत असलेली दिसतात आणि सामान सोडून बाहेर पडा असे ओरडणारा क्रू ऐकू येतो. सगळे ३०० जण बाहेर पडले. विमान थांबल्यानंतर सुमारे नऊ मिनिटांनी त्याच्या मधल्या इंधन टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवणारा एक जवान प्राणाला मुकला.

‘जिवापेक्षा बॅग मोठी झाली का?’ अशी टीका त्या वेळी खूप झाली. मला ती टीका पटत नाही, कारण ती खरे कारण झाकून टाकते. अमेरिकेतील एका पाहणीत हातसामान असलेल्या प्रवाशांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आपण संकटातही बॅग काढण्याचा प्रयत्न केल्याचे मान्य केले होते, तेव्हा हा काही एका देशाचा स्वभाव म्हणता येणार नाही. विमान थांबले की उठायचे, कप्पा उघडायचा, बॅग घ्यायची, ओळीत उभे राहायचे, एवढा एकच साचा प्रवाशाच्या मेंदूत तयार असतो, आणि दुसरा साचा नसल्यामुळे संकटातही तोच वापरला जातो. शिवाय परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने पासपोर्ट, नोकरीचा करार आणि साठवलेले पैसे त्या बॅगेत असतात. त्याचे पुढचे सगळे आयुष्य तिथे असते. म्हणून उपदेश करण्यापेक्षा उपाय सांगावा हे बरे. पासपोर्ट, फोन, एक दिवसाची औषधे आणि थोडे पैसे उड्डाणाच्या वेळी व उतरतेवेळी कमरेच्या पाऊचमध्ये किंवा खिशात असले, तर कप्प्यातल्या बॅगेची ओढ निम्म्याने कमी होते. बॅग सोडणे का आवश्यक, तेही समजले पाहिजे. एक बॅग खाली काढायला लागणारी काही सेकंदे मागच्या साऱ्या रांगेच्या वाट्याची असतात, आणि दाराबाहेर फुगलेली रबरी घसरपट्टी बॅगेच्या चाकाने किंवा कडेने फाटली तर ते दारच निकामी होते.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर काय झाले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. उतरणारे एअरबस ए३५० धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकले आणि पेटले. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानातील ३७९ जणांपैकी मात्र सर्व वाचले. आठपैकी तीनच दारे वापरता आली, आतील ध्वनिक्षेपक बंद पडले होते, क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला, आणि विमान उतरल्यापासून शेवटचा माणूस म्हणजे कॅप्टन बाहेर येईपर्यंत सुमारे १८ मिनिटे गेली. बाहेर आलेल्या प्रवाशांच्या हातात जवळजवळ कोठेही बॅग दिसत नव्हती. कोणते दार आगीपासून सुरक्षित आहे हे क्रू पाहत असताना प्रवासी आपापल्या जागी थांबले, ही गोष्ट त्याहून अवघड होती. खिडकीतून ज्वाळा दिसत असताना सांगेपर्यंत उठायचे नाही आणि सांगताच क्षणभरही बसायचे नाही, हे दोन्ही त्यांना साधले.

मग ढकलाढकली कधीच होत नाही का? होते, आणि ती केव्हा होते हेही बरेचसे समजलेले आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७३७ च्या इंजिनात बिघाड होऊन आग लागली. विमान धावपट्टीवरून बाजूला घेऊन थांबवण्यात आले, म्हणजे ते जमिनीवर, धड अवस्थेत होते. तरीही १३७ पैकी ५५ जण मरण पावले, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव भाजून जाण्यापेक्षा विषारी धुराने गेला. पुढच्या भागातील अरुंद जागेत आणि पंखावरच्या दाराजवळ माणसे अडकून पडली होती. या दुर्घटनेनंतर क्रॅनफिल्ड येथील संशोधक हेलन म्युअर यांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. स्वयंसेवकांना खऱ्या विमानात बसवून बाहेर पडायला सांगितले, तेव्हा सगळे शिस्तीने बाहेर आले. नंतर जाहीर केले की, पहिल्या निम्म्या लोकांना पाच पौंड जास्त मिळतील. एवढ्यावर माणसे आसनांवरून चढू लागली आणि दाराच्या तोंडाशी गुंता होऊन बाहेर पडण्याचा वेग मंदावला. ‘सगळ्यांना पुरेल इतका वेळ नाही’ अशी जाणीव झाली की तीच माणसे वेगळी वागतात, हे त्यातून दिसले. आज पंखावरच्या दाराजवळ आसनांमध्ये जास्त मोकळी जागा दिसते आणि जमिनीलगत दाराकडे नेणारे दिवे असतात, त्यामागे मँचेस्टरची ती सकाळही आहे. धुरात वाकून, जमिनीजवळ राहून चालायचे असते आणि अशा वेळी डोळ्यांना वरचे फलक दिसत नाहीत, खालचे दिवेच दिसतात.

म्युअर यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. दारात उभा असलेला क्रू ठाम आवाजात, ओरडून सूचना देत असेल तर माणसे लक्षणीय लवकर बाहेर पडतात. मघापर्यंत नम्रपणे पाणी आणून देणारी विमानसेविका एकाएकी खेकसू लागली, तर आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसाला अपमान वाटू शकतो. तिला तसेच शिकवलेले असते. सुन्न झालेल्या मेंदूला स्वतःचा साचा सापडत नाही तेव्हा बाहेरून आलेली छोटी, मोठ्या आवाजातली आज्ञा त्याला हलवते. घसरपट्टीजवळ बसून हळूच सरकायला गेलेल्या प्रवाशाला प्रसंगी धक्काही दिला जातो, कारण तिथे उडीच मारायची असते.

आपल्या कुटुंबांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. संकटात माणूस सर्वांत जवळच्या दाराकडे जात नाही, तो प्रथम आपल्या माणसांकडे जातो. आगीच्या घटनांच्या अभ्यासातून हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. आसन निवडायला जादा पैसे पडतात म्हणून आपण सहा जण सहा ठिकाणी बसतो. आजोबा नवव्या रांगेत, सून नातवासह बाविसाव्यात. उद्या उठायची वेळ आली तर आजोबा गर्दीच्या उलट दिशेने बाविसाव्या रांगेकडे निघतील आणि सून त्यांची वाट पाहील, यात मला शंका नाही. लहान मुलाशेजारी मोठे माणूस असलेच पाहिजे, त्यासाठी पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. बाकीच्यांनी घरातून निघतानाच ठरवून टाकावे की ज्याने त्याने आपल्या जवळच्या दाराने उतरायचे आणि बाहेर, विमानापासून दूर, भेटायचे. कोणाच्या हाती कोणते मूल, हेही तेव्हाच.

ऑक्सिजनच्या मास्कबद्दल ‘आधी स्वतःचा, मग दुसऱ्याचा’ ही सूचना प्रत्येकाने ऐकलेली असते, पण कोणत्याही आईला ती मनातून पटत नाही. तिचे कारण सांगितले तर पटते. विमान ३५,००० फुटांवर असले तरी आतील हवा दाब देऊन फार तर ८,००० फुटांवर असावी इतपत दाट ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेपेक्षा थोडी विरळ. हा दाब अचानक गेला तर त्या उंचीवर माणसाला विचारपूर्वक हालचाल करण्यासाठी साधारण अर्धा ते एक मिनिट मिळते. त्यानंतर तो लगेच बेशुद्ध पडतोच असे नाही. आपले ठीक चालले आहे असे त्याला वाटत राहते आणि हातातला मास्क नाकापर्यंत जात नाही. आईने आधी स्वतःचा मास्क लावला तर पुढच्या दहा सेकंदांत ती मुलाला लावू शकते; उलट केले आणि मूल घाबरून मान हलवत राहिले, तर दोघेही मास्कविना राहतात. मास्क खाली ओढल्याशिवाय बहुतेक विमानांत ऑक्सिजन सुरू होत नाही, तो नाक आणि तोंड दोन्हींवर बसला पाहिजे, आणि त्याची पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत इंजिन फुटून खिडकी तुटलेल्या विमानातील छायाचित्रांत कितीतरी प्रवाशांचे नाक मास्कच्या बाहेर दिसते. मास्क पडल्यानंतर वैमानिक विमान भराभर १०,००० फुटांच्या आसपास आणतात, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांना मात्र विमान कोसळते आहे असे वाटते. घरच्यांना अखेरचे संदेश लिहिले जातात ते याच मिनिटांत.

हवेतल्या हेलकाव्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान म्यानमारवर असताना ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आले. पट्टा न बांधलेली माणसे छतावर आदळली, अनेक जण जखमी झाले आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. बसलेले असताना पट्टा बांधून ठेवणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

पाण्यावर उतरण्याचा प्रसंग क्वचितच येतो, पण समुद्राकाठच्या विमानतळावरून उडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियाचे विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडले आणि १७५ पैकी १२५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांनी लाइफ जॅकेट आतच फुगवले होते. विमानात पाणी चढू लागले तसे ते छताला चिकटले आणि पाण्याखालच्या दारापर्यंत त्यांना बुडी मारून जाता आले नाही. जॅकेट आत घालायचे आणि दाराबाहेर पडताना फुगवायचे.

यंदा जानेवारीत मी नेरूळच्या माझ्या आत्याला बंगळूरुला घेऊन गेले. वय ७१, पहिलाच विमानप्रवास. सूचना हिंदी आणि इंग्रजीत झाल्या, आणि तिने त्या अत्यंत आदराने ऐकल्या, पण तिच्यापर्यंत फारसे काही पोहोचले नाही. मी तिला पट्टा सोडून दाखव म्हटले. तिचा अंगठा बकलाच्या कडेवर फिरत राहिला; भाच्याच्या गाडीत जसे लाल बटण दाबतात तसे बटण ती शोधत होती. विमानाच्या पट्ट्यावरची झडप वर उचलावी लागते. अपघातातून वाचलेले प्रवासीही असेच बटण शोधत राहिल्याच्या नोंदी मी वाचल्या होत्या, पण तो अंगठा प्रत्यक्ष पाहिल्यावर मला त्या नोंदीचा अर्थ कळला. आम्ही तो पट्टा पाच वेळा बांधला आणि सोडला. पाचव्या वेळी तिने डोळे मिटून सोडला. मग मी तिला रांगा मोजायला सांगितल्या. ‘कशाला गं?’ असे तिने विचारले, तेव्हा मी म्हटले, ‘धुरात दिसणार नाही, आत्या. हाताने आसनाच्या पाठी मोजत जायचं.’ तिने मान वळवून, जपमाळ ओढावी तशी बोटे हलवत मोजले: मागे चार, पुढे तेरा. पुढच्या दारातून चढलो म्हणून उतरतानाही आपण पुढेच जाऊ पाहतो, आणि तिच्यासाठी मागचे दार कितीतरी जवळ होते.

परतीच्या प्रवासात ती एकटी होती. रात्री नेरूळला पोहोचल्यावर तिचा फोन आला. जेवण कसे होते, विमान किती हलले, हे सांगून झाल्यावर म्हणाली, ‘या वेळी पुढे सात होत्या, मागे दहा. शेजारचा मुलगा कानात घालून बसला होता, त्यालाही मोजायला लावल्या.’